पुलाच्या अलीकडे

त्याला सगळे नेमबाज म्हणत. खरी बंदूक त्याने जन्मात हातात धरली नव्हती, आणि घरात पाल निघाली तर तो पाय वर घेऊन बायकोला हाक मारायचा. पण पीसीवरच्या गेममध्ये त्याचा नेम असा, की समोरच्याने भिंतीआडून डोकं काढायचा अवकाश, गडी गारद. याच नावाने तो एका वेबसाइटवर लिहायचा. 'प्रथमदर्शनी' असं त्याच्या सदराचं नाव होतं. नवा शूटर गेम आला, की हा सकाळी खेळायला बसायचा आणि संध्याकाळी त्याचं मत वाचकांच्या हातात पडायचं. बाकीच्या ठिकाणचे लेखक अजून गेमची सेटिंग लावत असायचे, तेव्हा याच्या लेखाखाली लोकांची भांडणंसुद्धा जुंपलेली असायची.

वेबसाइटचं ऑफिस म्हणजे सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या दोन खोल्या. खालून दिवसभर हवा भरण्याचा फुसफुसाट यायचा आणि वर संपादक जवळजवळ त्याच आवाजात बोलत असायचा. या संपादकाने उमेदीची वर्षं छापखान्यांना शाई विकण्यात घालवली होती. गेममधलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं, पण लोक कशावर तुटून पडतात हे बरोबर कळायचं. चांगलं म्हटलेलं कोणी वाचत नाही, तू आपला झोडत जा, असं तो नेमबाजाला सांगायचा. ते सांगायची काही गरज नव्हती. झोडण्यात नेमबाजाचा हात धरणारा कोणी नव्हता, आणि ज्यांचे गेम तो झोडायचा ती माणसं कुठेतरी लांब राहत असल्यामुळे त्यांचे चेहरे बघायची वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती.

कामाची त्याची एक पद्धत होती आणि तिचा त्याला भारी अभिमान होता. गेम सुरू करताना किती अवघड हवा ते विचारतात, तिथे तो डोळे मिटून 'कठीण' निवडायचा. 'सोपं' हा पर्याय त्याच्या लेखी लहान मुलांसाठी आणि घरी आलेल्या पाहुण्यांसाठी होता. या धंद्यातले सगळेच असं मानतात. सोप्यावर खेळून लिहिणाऱ्याची त्यांच्यात वर्षानुवर्षं चेष्टा चालते. दुसरं म्हणजे गेम शेवटपर्यंत खेळायच्या भानगडीत तो पडत नसे. सुरुवात बघितली की पुढचं सगळं कळतं, असं त्याचं म्हणणं, आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा ते बरोबरही निघायचं. बहुतेक गेम असतातच तसे. त्यामुळे या खोडीला तो पद्धत म्हणायचा आणि ऐकणारेही मान डोलवायचे.

फक्त पन्नाशी जवळ येत चालली होती. उजवं मनगट ठणकायला लागलं होतं, चष्म्याचा नंबर वाढला होता. बायको चष्म्याच्याच दुकानात कामाला होती, गिऱ्हाइकांच्या नाकावर फ्रेम बसवून दोन्ही बाजू सारख्या आल्या का ते बघणं हे तिचं काम. ती एकदा त्याच्या मागे उभी राहून त्याचा खेळ बघत होती. पूर्वी तू दिसायच्या आधी गोळी घालायचास, आता दिसल्यावर घालतोस, असं ती सहज म्हणाली. त्याने ते हसण्यावारी नेलं, पण दार लोटून खेळायला सुरुवात केली ती तेव्हापासून.

त्याला एक धाकटी बहीण होती. लहानपणी वडिलांनी एका बंद पडलेल्या ऑफिसातून जुना पीसी उचलून आणला, तेव्हा खुर्चीवर दादा आणि शेजारच्या स्टुलावर धाकटी अशी बसायची जागा ठरून गेली. तू बघ, असं दादाने सांगितलं होतं, म्हणून ती बघायची. पुढे गेम बनतात कसे याची पुस्तकं त्यानेच तिला आणून दिली. दोघांनी मिळून एक गेम बनवायचा असंही कधीतरी ठरलं होतं. मग त्याला लिहायचं काम मिळालं, लग्न झालं, आणि बनवण्यापेक्षा झोडणं फार लवकर उरकतं हे त्याच्या ध्यानात आलं. धाकटी मात्र चिकटून राहिली.

एका लाँड्रीच्या मागच्या खोलीत तिने आपल्यासारखेच चार वेडे गोळा केले आणि शूटर गेम बनवायला घेतला. खोलीला खिडकी नव्हती. पलीकडच्या इस्त्र्यांनी भिंत कायम गरम असायची, आणि थंडीच्या दिवसांत सगळे जण त्या भिंतीला पाठ लावून काम करायचे. कितीतरी वर्षं हे चाललं. लग्नाचं विचारणाऱ्या आत्याला आणि मावशीला ती "गेम होऊ दे" एवढंच सांगायची, आणि त्या बिचाऱ्या सगळ्या नातेवाइकांना गेम कधी होणार म्हणून विचारत फिरायच्या. दादाला तिने त्यातलं काही दाखवलं नाही. अर्धवट दाखवणार नाही म्हणाली. त्याला ते जरा लागलं होतं, पण तसं त्याने दाखवलं नाही.

गेम तयार झाला आणि बाजारात यायच्या आधी लिहिणाऱ्या मंडळींकडे पाठवला गेला. सोबत सगळ्यांना एक विनंती होती, की गेममध्ये एक पूल येतो, त्याच्या पलीकडे काय आहे त्याबद्दल कृपा करून काही लिहू नका. खेळणाऱ्यांना ते स्वतःहून सापडू द्या. धाकटीने दादाला वेगळा फोन केला. एरवी ती त्याच्याशी बोलताना हसायची, त्या दिवशी हसली नाही.

"दादा, एकच मागते," ती म्हणाली. "पूल ओलांड आणि मग हवं ते लिही. शिव्या घाल, पण पलीकडे जाऊन घाल."

हे काय सांगायला हवं, असं म्हणून त्याने तिला वाटेला लावलं. बहिणीचा गेम आहे, मी लिहिणं बरोबर दिसणार नाही, हे त्याने संपादकाच्या कानावर घातलं होतं, ते त्याच्या बाजूने नोंदवायलाच हवं. पण संपादकाचे डोळे चमकले. उलट तूच लिही, म्हणाला. लेखाखाली आपण स्वच्छ छापू की लेखक आणि गेम बनवणारी बाई सख्खे भाऊबहीण आहेत. लोकांना कळू दे नेमबाज घरच्यांनासुद्धा झुकतं माप देत नाही. नेमबाजाच्या छातीवर ते पदक लागल्यासारखं झालं, आणि तिथून पुढे तो गेम बघायच्या आधीच ताठ झाला.

सकाळी तो खेळायला बसला. एक शहर, लढाई चालू, आणि गल्ल्यागल्ल्यांतून गोळ्या घालत नदीपर्यंत पोचायचं, अशी सुरुवात होती. बंदुकीचा धक्का झकास जमला होता. रिकामी काडतुसं फरशीवर पडली तर एक आवाज, लाकडी जिन्यावर पडली तर दुसरा. वा, असं त्याच्या तोंडून निघूनसुद्धा गेलं. पण मग गल्ल्या सारख्याच वाटायला लागल्या. शत्रू यायचे, पडायचे, पुन्हा यायचे. घरांची दारं मात्र एकेक बघत राहावी अशी होती: कुणाच्या कडीला सुतळी बांधलेली, कुणाच्या उंबऱ्याशी चपला, कुठे रंगाचे पोपडे. त्याने प्रत्येक दाराशी जाऊन कळ दाबून बघितली. एकही उघडेना. इतक्या कष्टाने रंगवलेलं दार उघडत नाही याचा त्याला राग आला.

मग तो पूल आला, आणि तिथे घोडं अडलं.

पुलाच्या दोन्ही कमानींवरून मारा होत होता. मधे आडोसा असा नाहीच. एका मोडक्या गाडीपासून दुसऱ्या मोडक्या गाडीपर्यंत धावायचं, तेवढ्यात वरच्याला टिपायचं. वीस वर्षांपूर्वीच्या नेमबाजाने शीळ घालत केलं असतं. आताचा नेमबाज पडला. पुन्हा उठला, पुन्हा पडला. मनगटातून कळ कोपरापर्यंत जायला लागली. दुपार झाली तरी तो पहिल्या गाडीच्या पुढे सरकेना. तेव्हा पडद्याच्या तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ उमटली: हवं असेल तर इथे सोपं करता येईल.

तो त्या ओळीकडे बघत राहिला. ती ओळ कोणालाही दिसली असती. जो पुन्हा पुन्हा पडेल त्याला ती दिसावी अशीच ती घातलेली होती. पण नेमबाजाला वाटलं, धाकटी शेजारी स्टुलावर बसून आपल्याला म्हणतेय, दादा, होत नाहीये का? त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. कळ दाबली असती तर पुढच्या काही मिनिटांत तो पार झाला असता. दार बंद होतं, कोणाला कळलंही नसतं. पण त्याला स्वतःला कळलं असतं ना. त्याने ती ओळ घालवून टाकली आणि पुन्हा पडला.

तेवढ्यात संपादकाचा फोन आला, लेख कुठे आहे म्हणून. बाकीचे लिहायला बसलेत, तूच मागे राहिलास तर कसं, असं तो म्हणाला. फोन ठेवून नेमबाजाने हेडफोन काढला, मनगट चोळलं आणि स्वतःची समजूत घातली. पलीकडे काय असणार? आणखी गल्ल्या, आणखी शत्रू, शेवटी एखादा दांडगा सेनापती. सगळ्या गेममध्ये तेच असतं. शिवाय पलीकडचं लिहायचं नाही असं त्यांनीच सांगितलंय, तेव्हा आपण गेलो काय आणि न गेलो काय. ही सोय त्याला इतकी बिनतोड वाटली, की तो लगेच लिहायला बसला.

लिहिताना त्याच्या हातून निव्वळ थकवा उतरला असता तरी ठीक होतं. पण त्यात दुसरंही काही उतरलं. जे दोघांनी करायचं ठरलं होतं ते तिने एकटीने केलं होतं, आणि त्याच्यापासून झाकून केलं होतं, हे त्याच्या पोटात इतकी वर्षं कुठेतरी सलत होतं. मत्सर म्हणतात तो हाच. आपल्याला झालाय असं मात्र कोणालाच वाटत नाही. त्याने लिहिलं: 'गल्लीत शिरा, गोळ्या घाला, पुढच्या गल्लीत शिरा. दारं इतक्या प्रेमाने रंगवली आहेत की उघडून आत डोकावावंसं वाटतं, पण आत काही असेल तर ना. हा गेम बनवणाऱ्यांना माणसं फक्त गोळी खाण्यापुरती ठाऊक आहेत.' शेवटचं वाक्य त्याला फार आवडलं. संपादकालाही.

लेख गाजला. नेमबाजाचं असं काहीच कधी गाजलं नव्हतं. खाली ती भावाबहिणीची ओळ होती ना, तिनेच घात केला. परक्याने झोडलं असतं तर लोकांनी दुसऱ्या कोणाचं तरी वाचून बघितलं असतं, पण सख्खा भाऊच असं म्हणतोय म्हटल्यावर गेम भिकारच असणार, असं जो तो धरून चालला. शेवटचं वाक्य तर जिकडेतिकडे फिरायला लागलं. ज्या थोड्या जणांनी पूल ओलांडला ते सांगायचा प्रयत्न करत होते, की बाबांनो, पलीकडे जाऊन बघा. पण पलीकडे काय आहे ते तेही सांगेनात, आणि कोडी घालणाऱ्यांचं कोण ऐकतं.

दोन दिवसांनी त्याने धाकटीला फोन केला. तिने केला नाही म्हणून याने केला, एवढं श्रेय त्याला द्यायला हवं.

"मनाला लावून घेऊ नकोस," तो म्हणाला. "कामाचं काम आहे. आणि तू सांगितलं होतंस तसं पलीकडचं एक अक्षर लिहिलं नाही हं मी."

"ते बघितलं मी," ती म्हणाली. मग तिने विचारलं, "पलीकडचं कसं वाटलं तुला?"

"पलीकडचं ना? तेच ते गं. फक्त जरा मोठं."

फोनमध्ये मागे लाँड्रीच्या यंत्राची घरघर ऐकू येत होती.

"बरं," ती म्हणाली, आणि भात लावायचा राहिलाय असं काहीतरी सांगून तिने फोन ठेवला.

गेम चालला नाही. लाँड्रीमागची खोली वर्ष पालटायच्या आत रिकामी झाली. चौघं चार वाटांनी गेले. धाकटीला मोबाइलवर रंगीत गोट्या जुळवायचा गेम बनवणाऱ्या एका कंपनीत नोकरी लागली. तिथे गोट्या फुटताना कसा आवाज यावा यावर आठवडा आठवडा चर्चा चाले, असं तिनेच एकदा हसत सांगितलं. ती दादाकडे यायची, वहिनीला भाजी चिरून द्यायची, दादाची चौकशी करायची. मनगट कसंय, चष्मा बदललास का, वगैरे. भांडली नाही, रुसली नाही. पण ती त्याच्याशी इतकी नीट वागायला लागली, की नेमबाजाला आपण आपल्याच घरात पाहुणे आहोत असं वाटे. कामाचं ती एक शब्द बोलत नसे आणि त्याचं मत तर कशावरच विचारत नसे. टीका मनाला लावून घेतली, दुसरं काय, असं तो बायकोला सांगायचा. या धंद्यात कातडं जाड लागतं, असंही म्हणायचा. बायको ऐकून घ्यायची.

मग मनगटाने संपच पुकारला. डॉक्टरांनी पट्टा बांधून माउसला हात लावायचा नाही अशी तंबी दिली, आणि नेमबाज घरी बसला. घरी बसलेला नेमबाज म्हणजे बायकोच्या डोक्याला ताप. सुटीच्या दिवशी दुपारी तो तिच्या मागे मागे फिरून गॅसची शेगडी कशी पुसावी ते सांगायला लागला, तेव्हा तिने फडकं ठेवून दिलं.

"इतक्या दिवसांत नणंदेचा गेम मी बघितलाच नाही," ती म्हणाली. "लाव ना. डाव्या हाताने खेळ."

त्याने आढेवेढे घेतले. पण ती शेजारी खुर्ची ओढून बसलीसुद्धा. त्याची जुनी जागा गेममध्ये तशीच राखलेली होती, त्यामुळे सुरू केलं की तो थेट पुलावर, पहिल्या गाडीच्या आडोशाला. डाव्या हाताने काय होणार होतं? तो पडला. पुन्हा पडला. तळाशी ती बारीक ओळ उमटली. बायकोने चष्मा वर करून ती वाचली आणि म्हणाली, सोपं करता येईल म्हणतंय, कर की. आणि हा नको म्हणायच्या आत तिने हात लांब करून कळ दाबली. तिला त्यात काही वावगं वाटायचं कारणच नव्हतं.

चहा गार व्हायच्या आत पूल पार झाला. एवढंच होतं ते.

पलीकडे शत्रू कोणी नव्हता. पुलाच्या टोकाशी गेममधल्या गड्याच्या हातातून बंदूक सुटून पाण्यात पडली, आणि लढाई संपली असं कुणीतरी काठावरून ओरडून सांगितलं. खाली एक होडी लागलेली होती. होडीवाल्या बाईने काही न विचारता त्याला घेतलं आणि पुन्हा त्याच शहरात आणून सोडलं. सकाळ झाली होती. त्याच गल्ल्या, तीच सुतळीची कडी, तेच रंगाचे पोपडे. नेमबाजाने सवयीने बंदूक उचलायची कळ दाबली. हात रिकामेच होते.

आता दारं उघडत होती. एकेक दार ठोठावायचं आणि आतल्या माणसाला जे हवं ते करून द्यायचं, एवढाच पुढचा खेळ होता. कुणाला शिडी धरून हवी होती, कुणाची गादी वर न्यायची होती, कुणाच्या एका चपलेचा जोड सापडत नव्हता. लोक त्याला ओळखत नव्हते. नदीकडून आलेला कोणीतरी माणूस, एवढंच त्यांच्या लेखी. एका घरात एक म्हातारी दोन ताटं मांडून बसली होती. तिला फक्त खिडकी उघडून हवी होती. त्याने उघडली, आणि खाली बघितलं तर गल्लीचा तो कोपरा दिसत होता जिथे त्याने पहिल्याच दिवशी एकाला टिपलं होतं. झकास टिपला होता, आपल्यालाच शाबासकी देत. म्हातारी दुसऱ्या ताटावर झाकण घालत होती.

नेमबाजाने हात माउसवरून काढला.

"केवढं केलंय रे पोरीने," बायको म्हणाली. डोळे पुसायला तिने चष्मा काढला होता. "तुला हे तेव्हा नव्हतं आवडलं?"

"मी इथपर्यंत आलोच नव्हतो."

"मग लिहिलंस कसं?"

तेव्हा त्याला धाकटीला केलेला तो फोन आठवला. तेच ते गं, फक्त जरा मोठं. जिथे एकसुद्धा शत्रू नाही, गोळी नाही, तिथलं तो तिला सांगत होता, जरा मोठं. तिने बरं म्हटलं होतं, त्याच क्षणी तिला कळलं होतं. तेव्हापासून ती त्याच्या घरी येत होती, भाजी चिरत होती, मनगटाची चौकशी करत होती, आणि हा बायकोला सांगत होता की तिचं कातडं पातळ आहे. लाजेने त्याचे कान तापले. इतकी लाज त्याला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी तो ऑफिसात गेला आणि संपादकाला म्हणाला की पूल न ओलांडताच मी लिहिलं होतं, त्या गेमवर पुन्हा लिहायचंय. संपादक समजूतदारपणे हसला. त्या गेमचं आता कोण वाचणार, म्हणाला; आणि तू न खेळता लिहिलंस हे आपणच छापायचं, म्हणजे दुकानाला कुलूप लावायचं का? मनगटाला आराम दे. खालून हवा भरल्याचा आवाज येत राहिला. नेमबाज जिना उतरून तसाच धाकटीकडे गेला.

ती नोकरीवरून नुकतीच आली होती आणि दुसऱ्या दिवशीच्या कपड्यांना इस्त्री करत होती. ये दादा, म्हणाली, आणि खुर्चीवरचे कपडे उचलून तिने त्याला जागा करून दिली. तो बसला नाही.

"मी पूल ओलांडला नव्हता," तो म्हणाला.

"माहितीये."

"फोनवर कळलं ना?"

"हो." तिने बाहीची घडी नीट केली. "पलीकडे शत्रूच नाही, तर मोठं काय असणार?"

काल बघितलं सगळं, असं त्याने सांगितलं. म्हातारीच्या खिडकीपर्यंत गेलो, असंही सांगितलं. ती ऐकत होती, पण त्याला वाटलं होतं तसा तिचा चेहरा उजळला नाही. दुसऱ्या कुणाच्या तरी गोष्टी ऐकाव्यात तशी ती मान हलवत होती. मग ती काही बोलेल अशा आशेने त्याने विचारलं, की तेव्हा ती का बोलली नाही. तिच्याबरोबरचे लोक हेच म्हणत होते, ती म्हणाली. या माणसाने गेम खेळलेलाच नाही, एवढं एक वाक्य जाहीर केलं असतं तर लेख फुसका ठरला असता, गेम तरला असता. त्या फोननंतर दोन दिवस ते तिच्या मागे लागले होते. तिने करू दिलं नाही.

"का पण?"

"मला वाटलं, तू सांगशील. फोन वाजला की वाटायचं, तूच असशील." ती जराशी हसली. "मग वाटायचं थांबलं."

"आता सांगतो. संपादक नाही म्हणतोय, पण दुसरीकडे लिहितो. माझ्या नावाने, सगळं."

"लिही की," ती म्हणाली. "पण ते चौघं कुठे आहेत आता, मला पण नीट माहीत नाही. मी कुणाला वाचून दाखवू?"

तो खुर्चीवर बसला. ती इस्त्री फिरवत राहिली. खिडकीतून खालच्या रस्त्यावरची रहदारी ऐकू येत होती.

"कठीणवर खेळत होतास ना?" तिने मान वर न करता विचारलं.

"हो."

"तो पूल फार अवघड झाला होता, दादा. सगळे म्हणत होते, जरा हलका करू या, लिहिणारे लोक कठीणवरच खेळतात, अडकतील. मीच नाही म्हटलं. म्हटलं, माझ्या दादाला सोपं काही आवडत नाही. तो करेल पार."

शर्टाची घडी घालून तिने तो ढिगावर ठेवला आणि दुसरा घेतला.